तुंबडी, शिंगी आणि हजामत

लोकांच्या पैशावर अमक्याने आपली तुंबडी भरली, असे आपण सर्रास बोलतो आणि लिहितो. ही तुंबडी मूळची काय वस्तू आहे, हे मात्र बोलणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी पाहिलेले असते. तुंबडी म्हणजे वाळवून पोखरलेला कडू भोपळा. बैराग्याच्या हाती ते भिक्षापात्र, गारुड्याच्या तोंडी ती पुंगी, आणि वैदूच्या झोळीत ते रक्त काढण्याचे उपकरण. म्हणीतली तुंबडी भिक्षेची की रक्ताची, याविषयी वाद घालता येईल. परंतु ‘तुंबडी लावणे’ या प्रयोगास तशी शंका नाही. दुखऱ्या जागी फासण्या टाकून तीवर तुंबडी लावावयाची, आणि आत साचलेले दूषित रक्त ओढून घ्यावयाचे, असा तो उपचार. जळवा लावणे हे त्याचेच भावंड. रोग्यास बरे करण्याच्या या साधनांची नावे आज आपल्या भाषेत परक्याचे रक्त शोषणाऱ्या माणसांना लावली जातात. हा उलटा न्याय कसा झाला, ते पाहण्यासारखे आहे.

आयुर्वेदात या उपचाराची प्रतिष्ठा मोठी होती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील तेरावा अध्याय जळवांवर आहे, आणि त्याच्या आरंभीच शृंग, जलौका व अलाबू अशी तीन साधने सांगितली आहेत. वाताने दूषित झालेले रक्त शिंगाने, पित्ताने दूषित झालेले जळवांनी आणि कफाने दूषित झालेले भोपळ्याने काढावे. कारण शिंग उष्ण व स्निग्ध, जळू पाण्यातली म्हणून शीत, आणि भोपळा तिखट व रूक्ष. आजच्या शरीरशास्त्रापुढे ही उपपत्ती टिकत नाही. तथापि उपकरणांचे वर्णन अगदी व्यवहारी आहे. वाग्भटाने तर मापेच दिली आहेत. शिंग अठरा अंगुळे लांब, तोंडाशी तीन अंगुळे रुंद, टोकाला मोहरीएवढे छिद्र; भोपळा बारा अंगुळे लांब, अठरा अंगुळे घेराचा, आणि आत पेटती ज्योत. ज्योतीने आतील हवा तापून पसरते व काही बाहेर पडते; तोंड कातडीवर टेकताच उरलेली हवा निवून आकसते, आणि बाहेरच्या हवेचा दाब कातडी आत लोटतो. कारण ठाऊक नसताही कृती बिनचूक साधली होती. भोपळ्याप्रमाणेच मातीची घटी गुल्मावर लावावी, असेही वाग्भट सांगतो. पोट दुखू लागले की बेंबीवर पणती ठेवून तीवर तांब्या पालथा घालणारी खेड्यातली आजीबाई वाग्भट वाचून आलेली नसते. परंतु तिचा तांब्या त्या घटीच्याच कुळातला आहे.

सुश्रुताला हाताचे कौशल्य हीन वाटत नव्हते. शस्त्र चालविण्याचा सराव शिष्याने आधी कोहळा, भोपळा, कलिंगड अशा फळांवर करावा, असे तो बजावतो. पुढे मात्र ग्रंथ आणि हात यांची फारकत झाली. ग्रंथ पंडित वैद्याच्या घरी राहिला, आणि चिरणे, डागणे, शिरा तोडणे ही कामे न्हावी, वैदू, कुंभार यांच्याकडे गेली. 1793 च्या सुमारास पुण्यात कावसजी नावाच्या माणसाचे कापलेले नाक कपाळाच्या कातडीने पुन्हा जोडण्यात आले. 1794 साली लंडनच्या एका मासिकात ती हकीकत छापली गेली, आणि युरोपातील शस्त्रवैद्यांना त्या कृतीचे ज्ञान झाले. ती करणारा गृहस्थ कुंभार वा वीटकऱ्यांच्या जातीचा होता असे म्हणतात. रोग्याचे नाव इतिहासात राहिले, त्याचे राहिले नाही.

फारकतीचे कारण, माझ्या मते, शिंगीच्याच रचनेत दिसते. तिच्या एका टोकाला रोग्याची पाठ असते, आणि दुसऱ्या टोकाला उपचार करणाऱ्याचे तोंड. परक्याचे रक्त आपल्या ओठांपासून वीतभर अंतरावर ओढून घेणे हे सोवळ्याओवळ्याच्या समाजात कोण पत्करणार? ज्याने पत्करले, त्याची पायरी खाली गेली; आणि त्याच्या पायरीबरोबर त्याच्या हत्यारांचे शब्दही खाली उतरले. ‘वैद्य’ आणि ‘वैदू’ या दोन शब्दांत एका अक्षराचाच फरक आहे, पण एकाला आपण पाट मांडतो आणि दुसऱ्याला ओट्याखालीच उभे करतो.

अरबी भाषेतही याच वळणाची गोष्ट आहे. ‘हिजामत’ म्हणजे तुंबडी लावणे, आणि ‘हज्जाम’ म्हणजे ती लावणारा. युनानी वैद्यकात फासण्या टाकून आणि न टाकता असे तिचे दोन प्रकार आहेत. वस्तरा ज्याच्या हाती, त्यानेच केसही उतरवावयाचे. म्हणून फारसी-हिंदुस्थानीच्या वाटेने हा शब्द मराठीत येईपर्यंत त्यातील रक्त नाहीसे होऊन नुसते केस उरले. आज हजामतीस बसणाऱ्या गृहस्थाला आपण एका वैद्यकी उपचाराचे नाव घेत आहोत याची वार्ताही नसते. पुढे तर ‘हजामत करणे’ याचा अर्थ एखाद्याला लुबाडणे असाही झाला. तुंबडीच्या नशिबी आले तेच हिच्याही! इंग्रजांकडे मात्र याच कुळातल्या एका हत्याराचे भाग्य उजळले. शीर तोडण्याच्या ‘लॅन्सेट’चे नाव 1823 साली लंडनमध्ये निघालेल्या एका वैद्यकीय पत्राने धारण केले, आणि ते पत्र आजही मानाने चालू आहे.

या शब्दांचा मेळा पाहावयाचा तर सोलापुरासारखे गाव नाही. मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी उर्दू या चारही भाषा येथे एकाच पेठेत ऐकू येतात. 1877 साली जुनी गिरणी निघाली, आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी तर पूर्वभागाचे रूपच पालटले. मराठी माणसाची जळू शेजारच्या तेलुगू घरात ‘जलग’ होते आणि उर्दू घरात ‘जोंक’. कानडीतली ‘जिगणे’ तेवढी निराळी वाटते. आपली शिंगी उर्दूत ‘सिंगी’ आहे. आपण ज्यांना फासण्या म्हणतो त्यांना उर्दूत ‘पछने’ म्हणतात, आणि त्यात सुश्रुताचे ‘प्रच्छन’ स्पष्ट ऐकू येते. संस्कृत पंडिताने टाकलेला शब्द मुसलमान जर्राहाने जतन केला, याला काय म्हणावे? वैदूंची तर घरची बोलीच तेलुगूच्या वळणाची, आणि रोग्याशी बोलावयाचे मराठीत. त्यांच्या झोळीत मुळ्या होत्या तशा दोन-तीन भाषाही होत्या.

या उपचाराचा पाडाव पश्चिमेकडून सुरू झाला. फ्रान्समध्ये जळवांचे वेड इतके वाढले होते की 1833 साली त्या देशाने चार कोटींहून अधिक जळवा परदेशांतून आणविल्या. दोनच वर्षांनी पॅरिसच्या पिएर लुई याने रोग्यांची मोजदाद करून दाखविले की फुप्फुसाच्या दाहात रक्त काढल्याने होणारा लाभ समजतात त्या मानाने फारच थोडा आहे. पुढे इस्पितळे वाढत गेली, तसतशा तुंबड्या मागे पडल्या. त्याबद्दल फार हळहळण्याचे कारण नाही. अस्वच्छ हत्याराने किती जखमा चिघळल्या असतील याची गणती कोणी ठेवलेली नाही. जळू मात्र परत आली. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असल्याचे 1884 साली उघड झाले, आणि 2004 मध्ये अमेरिकेच्या औषध-नियामक खात्याने जोडलेल्या अवयवांतील साचलेले रक्त ओढण्यासाठी तिला रीतसर परवानगी दिली.

तुंबडीही परतली आहे, पण नाव बदलून. 2016 च्या रिओ येथील ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्स याच्या खांद्यावरचे तांबूस वर्तुळाकार डाग साऱ्या जगाने पाहिले, आणि ‘कपिंग’ हा शब्द आपल्याकडील शहरांतही सर्वतोमुखी झाला. त्याच्या गुणाविषयीचे पुरावे अजून दुबळेच आहेत. तरी आता भोपळ्याऐवजी काचेचे वा प्लॅस्टिकचे पेले असतात, हवा लहानशा पंपाने ओढली जाते, आणि शिंगीच्या टोकाशी कोणालाही तोंड लावावे लागत नाही. वेळ आधी ठरवून, घसघशीत शुल्क देऊन सुशिक्षित मंडळी पाठ उघडी करून बसतात. वैदूला मिळत असे पसाभर जोंधळा किंवा एखादे जुने धोतर, आणि तेही ओट्याखाली उभे राहून.