पदकाची कड वाचा!

घरातल्या जुन्या पेटीत पणजोबांचे लष्करी पदक सापडले तर आपण काय करतो? चांदीच्या भावाने सोनाराला देतो. आम्ही म्हणतो, मोडीत घालण्याआधी त्याची कड वाचा!

पहिल्या महायुद्धाच्या 'ब्रिटिश वॉर मेडल'च्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण असते. तेच पदक ब्राँझचे निघाले तर नकली समजू नका. मजूर तुकड्यांना चांदीऐवजी ब्राँझच दिले गेले. भेद पदकातही होता!

वऱ्हाडही पदकावर आहे. १८०३ साली अकोल्यातल्या अडगावला आणि अमरावतीतल्या गाविलगडावर लढाया झाल्या. १८५१ साली मंजूर झालेल्या 'आर्मी ऑफ इंडिया' पदकावर या लढायांच्या नावपट्ट्या आहेत, १८१८ च्या कोरेगावचीही आहे. पण इतक्या वर्षांनी जो जिवंत होता आणि ज्याने दावा केला, त्यालाच ते मिळाले. म्हणून पदक नाही म्हणजे पराक्रम नाही, हा निष्कर्षच खोटा. कोरेगावच्या स्तंभावरची 'नाक' शेवटी असलेली नावे वाचा.

आम्हाला इंग्रजांची आरती करायची नाही. त्यांनीच 'लढाऊ जाती'चे खूळ काढून महारांची भरती बंद केली. गरज पडताच १९१७ साली १११ महार पलटण उभारली, १९२१ साली मोडली. हा अन्याय सिद्ध करायला पुरावा लागतो, आणि तो आपल्याच पेटीत असू शकतो.

पदक घासू नका. दोन्ही बाजूंचे व कडेचे फोटो काढा, घरच्या म्हाताऱ्यांची आठवण लिहून ठेवा.

जय भीम!