साच्यांच्या खात्यातील धागा : गिरणगाव, वर्गसंघर्ष आणि समाजवादाचे भवितव्य

१९९१ च्या अखेरीस सोव्हिएत संघराज्याचे विसर्जन झाले, तेव्हा त्या राज्यसंस्थेबरोबर वर्गसंघर्षाच्या संकल्पनेलाही निरोप देण्याची घाई अनेक विचारवंतांना झाली. फ्रान्सिस फुकुयामा यांनी १९८९ च्या निबंधात मांडलेल्या इतिहासाच्या अंताच्या कल्पनेने या घाईला तात्त्विक प्रतिष्ठा मिळवून दिली. वस्तुतः येथे दोन भिन्न प्रश्नांची सरमिसळ झाली होती. एका विशिष्ट राज्यव्यवस्थेचे काय झाले हा एक प्रश्न. भांडवल आणि श्रम यांच्यातील संघर्ष संपला काय हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मॉस्कोतील घटनांवरून देता येत नाही. ते श्रमाच्या प्रत्यक्ष इतिहासात शोधावे लागते. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास या दृष्टीने तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

वर्ग ही वस्तू नसून संबंध आहे, हे मार्क्सच्या ऐतिहासिक लेखनातच सूचित झालेले आहे. लुई बोनापार्टच्या सत्ताग्रहणाची १८५२ मध्ये मीमांसा करताना त्याने फ्रान्समधील अल्पभूधारक शेतकरी एका अर्थाने वर्ग आहेत आणि दुसऱ्या अर्थाने नाहीत, असे दाखवून दिले होते. ई. पी. टॉम्सन यांनी १९६३ मध्ये इंग्लंडच्या कामगारवर्गाचा इतिहास लिहिताना हेच सूत्र विस्ताराने मांडले : वर्ग आयता सापडत नाही, तो घडतो. मराठीतील मार्क्सवादी समीक्षेत मात्र वर्ग हा बहुधा विवेचनाचा आरंभबिंदू म्हणून गृहीत धरला गेला. तो घडताना कोठे अडखळला, हा प्रश्न त्यामुळे दुय्यम ठरला.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीची उभारणी सुरू केली. त्यानंतर तीन दशकांतच, १८८४ मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना सभेत एकत्र आणून त्यांच्या मागण्या शासनापुढे मांडल्या. लोखंडे हे सत्यशोधक होते. मुंबईतील कामगार-संघटनेचा उगम जातिव्यवस्थेच्या चिकित्सेशी जोडलेला होता, ही बाब पुढील इतिहासलेखनात पुरेशी लक्षात घेतली गेली नाही. १९०८ मध्ये टिळकांना शिक्षा झाल्यावर कामगारांनी सहा दिवस संप केला. त्याची दखल लेनिनने घेतली, आणि वर्गजाणिवेच्या इतिहासाचा आरंभ अनेकांनी तेथूनच मानला. लोखंडे यांच्याऐवजी १९०८ पासून आरंभ धरणे ही केवळ कालनिश्चितीची बाब नाही. वर्ग म्हणजे काय याची एक विशिष्ट व्याख्या त्यात स्वीकारलेली असते.

या व्याख्येची कसोटी १९२८ मध्ये लागली. त्या वर्षी सुमारे दीड लाख कामगार जवळजवळ सहा महिने संपावर होते. संपाच्या काळातच स्थापन झालेली गिरणी कामगार युनियन अल्पावधीत देशातील बलाढ्य संघटनांपैकी एक बनली. एकजुटीचे एवढे भव्य दर्शन मुंबईने पूर्वी घेतलेले नव्हते. पण त्याच गिरण्यांत साच्यांचे खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते. धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. ज्या धोट्याला अस्पृश्याचे ओठ लागले त्याला आपले ओठ लावण्यास सवर्ण विणकर तयार नव्हते. विणकरांची मजुरी तुलनेने चांगली होती. अस्पृश्यांच्या वाट्याला मुख्यतः कमी मजुरीची सूतकताईची खाती येत. म्हणजे विटाळाची कल्पना ही केवळ 'वरच्या इमल्या'तील धारणा नव्हती. यंत्रावर कोणी उभे राहावे आणि किती कमवावे, हे ती ठरवत होती. ती उत्पादनसंबंधाचाच भाग होती.

डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठेवला, आणि नेत्यांनी तो काहीशा नाखुषीनेच मागण्यांमध्ये समाविष्ट केला. १९२९ च्या संपाला आंबेडकरांनी विरोध केला, त्यामागे हा अनुभव होता. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे १९३६ मधील त्यांचे प्रतिपादन निव्वळ तात्त्विक मानले, तर त्यामागील साच्यांचा खडखडाट ऐकू येत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. जात इतकी खोलवर असेल, तर वर्गाची भाषाच सोडून का देऊ नये? त्याला उत्तर १९३८ मध्ये मिळते. कामगारांच्या संपाच्या हक्कावर बंधने आणणाऱ्या औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध त्या वर्षी ७ नोव्हेंबर रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी एकत्रितपणे एक दिवसाचा संप घडविला. एकजूट अशक्य नव्हती. मात्र तिच्यासाठी फूट आधी मान्य करावी लागत होती. ही जाणीव सिद्धांतापेक्षा ललित साहित्याने अधिक नेमकेपणाने जपली. बाबुराव बागूल यांच्या १९६३ मधील 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेत रेल्वेतील सहकारी नायकाला त्याच्या कवितांसह आपलासा मानतात, आणि जात उघड होताच त्याला मारहाण करतात. मारणारे आणि मार खाणारा दोघेही कामगारच आहेत. वर्गाचे सिद्धांतन करणाऱ्यांनी ही कथा अपवाद न मानता पुरावा म्हणून वाचावयास हवी होती.

तथापि गिरणगावाचा अंत केवळ या फुटीने झाला, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा अधिकार एकाच 'प्रातिनिधिक' संघटनेच्या हाती दिला. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा हा कायदा रद्द करणे हीही त्यांची मागणी होती. तो संप औपचारिक रीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. दरम्यान कापडाचे उत्पादन भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांकडे वळत होते. सोव्हिएत विसर्जनाच्याच वर्षी, १९९१ मध्ये, मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींचा विकास करण्याची वाट मोकळी केली. त्या जमिनींचा एक-एक तृतीयांश भाग महापालिका आणि गृहनिर्माण मंडळ यांना मिळावा, अशी त्यात तरतूद होती. २००१ च्या दुरुस्तीने हा हिशेब केवळ मोकळ्या जमिनीपुरता उरला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. भांडवलाने श्रमाचा पराभव केला म्हणण्यापेक्षा त्याने त्या श्रमाची गरजच संपवली. कापडापेक्षा जमीन अधिक फायद्याची झाल्यावर काम बंद ठेवण्याच्या शस्त्राला धार उरत नाही.

समाजवादाच्या भवितव्याचा प्रश्न या दुहेरी अनुभवातून विचारावा लागतो. ज्याच्या नावाने समाजवाद बोलत होता तो वर्ग आतून विभागलेला होता; आणि ज्या कारखान्यात तो घडावा अशी अपेक्षा होती, तो कारखानाच भांडवलाने सोडून दिला. यावरून भांडवलशाहीचा विजय सिद्ध होत नाही, कारण शोषण संपलेले नाही. त्याचे स्थान बदलले आहे. मुंबईतील कचरा वाहणाऱ्या २,७०० कंत्राटी कामगारांना कायम करण्याचा निर्णय २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. त्यामागे वर्षानुवर्षांचा संघटित लढा होता. ज्या कामाला जातीचा इतिहास आहे, त्या कामाच्या कंत्राटाविरुद्ध लढताना जात आणि वर्ग यांचा हिशेब वेगवेगळा मांडताच येत नाही. १९२८ मध्ये नाखुषीने यादीत घेतलेली मागणी येथे लढ्याच्या मुळाशी आहे. समाजवादाला भवितव्य असेल, तर ते पूर्वीचा एकसंध कामगार पुन्हा सापडण्यावर अवलंबून नाही. तो तसा कधी नव्हताच, हे मान्य करूनही एकजुटीचे राजकारण उभारता येते काय, यावर ते अवलंबून आहे.