कानाच्या पाळीची कुळकथा

आमच्या डब्लिनमध्ये, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या, एमराल्ड ग्लेन पार्कात संध्याकाळी दोन देशांच्या आज्या भेटतात. दोघीही नातवंडं सांभाळायला समुद्र ओलांडून आलेल्या. त्यांतल्या एका चिनी आजींनी गेल्या वर्षी माझ्या पाच वर्षांच्या लेकाला जवळ बोलावलं, त्याच्या डाव्या कानाची पाळी अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच चाचपली आणि माझ्या आईकडे बघून म्हणाल्या, "फूछी!" आईला चिनीचं अक्षर येत नाही. पण ती लगेच म्हणाली, "हो ना, पाळी चांगली मोठी आहे. नशीब काढणार बघा."

फूछी म्हणजे भाग्य. एका शब्दाची ओळख नसताना दोघींचा निकाल एकच कसा, ह्या प्रश्नाने मला धरलं ते आजतागायत सोडलेलं नाही.

चेहरा वाचण्याच्या चिनी विद्येला मिएनश्यांग म्हणतात. तिच्यात कपाळावर तारुण्य, नाकावर चाळिशीनंतरची वर्षं आणि धन, हनुवटीवर म्हातारपण. कानांकडे मात्र पहिली चौदा वर्षं सोपवलेली. मुलाच्या बाबतीत पहिली सात डाव्या कानाची, पुढची सात उजव्याची. त्या आजींनी डावाच कान का धरला, ते हे वाचल्यावर कळलं. पाळीला तिथे 'लोंबता मोती' म्हणतात.

मग एके दिवशी लिऊ बेई भेटला. शू राज्याचा हा संस्थापक इ.स. २२३मध्ये वारला. छन शौ (२३३–२९७) ह्या इतिहासकाराने त्याच्या शरीराच्या दोन खुणा नोंदवल्यात. हात सोडले की ते गुडघ्यांच्या खाली जात आणि मान वळवली की त्याला स्वतःचे कान दिसत. हे वाचलं आणि मी खुर्चीत ताठ बसलो. आमच्या घरी दिवेलागणीला रामरक्षा होते आणि तिच्या ध्यानातच राम आजानुबाहू आहे! वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत गुडघ्यापर्यंत पोचणारे बाहू राजांना दिले. त्याच्याही कितीतरी आधी बुद्धाच्या बत्तीस महापुरुषलक्षणांत हे हात आहेत आणि ऐंशी गौण लक्षणांत मांसल, लांब कान.

लिऊ बेईच्या ह्या खुणा भारतातून गेल्या असाव्यात, हे मला सुचायच्या आधी छन यिन्के ह्यांना सुचलं होतं. हार्वर्डला लॅनमन ह्यांच्याकडे संस्कृत शिकलेले हे थोर चिनी इतिहासकार. १९३०च्या एका लेखात त्यांनी छन शौच्या तीन राज्यांच्या इतिहासात शिरलेल्या भारतीय कथा शोधून काढल्या. लिऊ बेईचे हात त्यांनी त्याच वाटेवर ठेवले.

ह्यावर चिनी परंपरेचे अभिमानी म्हणतील की ही विद्या बौद्ध धर्माच्या कितीतरी आधीची आहे. ते खरंच आहे. इ.स.पू. ६२६च्या नोंदीत शूफू नावाचा अधिकारी एका मुलाची भरलेली हनुवटी पाहून सांगतो की ह्याचा वंश टिकेल. इ.स.पू. तिसऱ्या शतकात श्युनत्सेच्या ग्रंथात ह्या विद्येविरुद्ध अख्खं प्रकरण आहे, म्हणजे तेव्हा ती किती फोफावली असेल बघा. आणि सगळ्यात जड दगड लाओत्सेचा. त्याचं नावच 'अर', म्हणजे कान. दुसरं नाव 'तान', म्हणजे लांब कानांचा. ही नावं देणारा इतिहासकार स-मा छ्येन बुद्धमूर्ती चीनमध्ये पोचायच्या आधीचा.

तेव्हा कान मी पूर्णपणे आपल्याकडे ओढत नाही. लांब कान म्हणजे दीर्घायुष्य, ही समजूत त्यांची स्वतःची असणार. पण लांब कान म्हणजे राजयोग, आणि तोही गुडघ्यापर्यंतच्या हातांच्या जोडीने, हे गाठोडं भारतातून गेलं, असं माझं ठाम मत आहे. ही दोन लक्षणं एकाच माणसावर, एकाच वाक्यात यावीत, हा योगायोग मला पटत नाही. लिऊ बेईचे कान खरोखरच मोठे होते, शत्रू त्याला 'मोठकान्या' म्हणून हिणवायचा, असंही कुणी पुढे करतं. पण ती शिवी सापडते पाचव्या शतकातल्या ग्रंथात, लिऊ बेईनंतर दोनशे वर्षांनी.

हे गाठोडं गेलं ते एका शब्दावर बसून. बौद्ध ग्रंथ चिनीत नेणाऱ्यांनी 'लक्षण'साठी 'श्यांग' हा शब्द घेतला. मिएनश्यांगमधला श्यांग तो हाच. लिहिताना एक झाड आणि त्याशेजारी एक डोळा, अर्थ निरखून पाहणं. म्हणजे बुद्धाची बत्तीस लक्षणं चिनी वाचकाच्या कानावर पडली ती थेट चेहरा वाचणाऱ्याच्या बोलीत. मराठीतही बघा, सुलक्षणी मूल, अवलक्षणी वागणं, 'लक्षण काही ठीक दिसत नाही'. जन्मखूण आणि नशीब आपणही एकाच शब्दात बांधलंय.

आणि छन शौ कुठला? आजच्या सछ्वानचा. त्याच प्रांतात ल-शानजवळ माहाओ इथल्या दुसऱ्या शतकातल्या थडग्याच्या दारावर बुद्ध कोरलेला आहे, चीनमधल्या सगळ्यात जुन्या बुद्धप्रतिमांपैकी एक.

बुद्धाच्या पाळ्या लांब का, ह्याचं मूर्तिशास्त्रातलं उत्तर साधं आहे. राजपुत्राची जड कुंडलं. कुंडलं उतरली, पाळ्या तशाच राहिल्या. हे मला पुस्तकात वाचायची गरज नव्हती. माझ्या पणजीने जन्मभर मोत्यांच्या कुड्या घातल्या. म्हातारपणी त्या काढून ठेवल्या तेव्हा तिच्या पाळीचं भोक इतकं ओघळलं होतं की मी त्यात करंगळी घालायचो आणि ती हसायची.

गेल्या महिन्यात लेकाला घेऊन डब्लिनहून बार्टने सॅन फ्रान्सिस्कोला गेलो. सिव्हिक सेंटर स्टेशनाजवळच्या एशियन आर्ट म्युझियममध्ये इ.स. ३३८ची बुद्धमूर्ती आहे. साल कोरलेल्या चिनी बुद्धमूर्तींत हिच्याहून जुनी मूर्ती ज्ञात नाही. ब्राँझवर सोन्याचा मुलामा, उंची जेमतेम चाळीस सेंटिमीटर. बुद्ध मांडी घालून बसलाय आणि हात पोटाशी जुळवलेले, त्यामुळे ते गुडघ्यापर्यंत पोचतात की नाही, हे मूर्तीवरून कुणालाच कळणार नाही. म्हणूनच मला वाटतं, हात चीनमध्ये गेले ते पोथीतून, आणि कानांना मूर्तीने नेलं. लेक काचेला नाक लावून उभा होता. थोड्या वेळाने त्याने स्वतःची डावी पाळी खाली ओढली आणि मूर्तीच्या पाळीशी ताडून पाहू लागला.