कुवेतमधील भारतीय आणि वकिलातीचा आधार (१९९०)

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले, त्या वेळी तेथे दीड लाखाहून अधिक भारतीय राहत होते. कुवेतमधील परकीय वकिलाती बंद कराव्यात, असे इराकने फर्माविल्यावर भारताने आपली वकिलात बसऱ्यास हलविली. या निर्णयाने मागे राहिलेल्यांस पोरकेपण वाटले, हे खरे. त्यांच्या अन्ननिवाऱ्याची तजवीज बव्हंशी तेथील भारतीयांनी स्वतःच केली. तथापि इराकमार्गे जॉर्डन गाठण्यास लागणारी अनुमती बगदादशी संबंध राखल्यामुळेच सुलभ झाली. अम्मानहून विमानांनी लाखाहून अधिक लोक मायदेशी आले. ‘वकील’ म्हणजे दुसऱ्याच्या वतीने बोलणारा. वकिलातीचे मर्म इमारतीत नसून या बोलण्यात आहे, असे हा प्रसंग सुचवितो.