जासईचे घर आणि जासईची जमीन



उरण तालुक्यातले जासई हे गाव साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले ते जानेवारी १९८४ च्या शेतकरी आंदोलनामुळे. नव्या शहरासाठी घेतलेल्या जमिनीचा योग्य मोबदला मिळावा म्हणून इथले शेतकरी, मीठकामगार, मासेमारी करणारे, बायाबापड्या सगळे रस्त्यावर आले. १६ आणि १७ जानेवारीला जासई व पागोटे परिसरात गोळीबार झाला आणि पाच माणसे हुतात्मा झाली. आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील हे याच जासईचे. १९२६ साली त्यांचा जन्म इथे झाला. हा इतिहास आपण ऐकलेला आहे. जमीन गेली म्हणजे भात गेले, मीठ गेले, हेही सर्वांना कळते. पण जमिनीबरोबर घर बांधण्याची एक रीतही गेली, तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. हल्ली कमी वीज खाणारे, निसर्गाला सांभाळणारे घर बांधा असे जिकडेतिकडे सांगितले जाते. तसे घर या भागात एके काळी होते का, आणि असल्यास ते कशाने मोडले, हे आज पाहू.

खारपट्टीतले जुने घर म्हणजे पुष्कळसे शेताचेच उत्पन्न होते. जोत्याला डोंगराकडचा दगड आणि माती. भिंतीला कारवीच्या काठ्या विणून केलेला कूड, त्याला आतबाहेरून शेणमातीचे लिंपण. वर भाताचा पेंढा. ज्याच्या हाती पैसा असेल तो विटांची भिंत घाली, वर नळे घाली. खाडीकाठच्या शिंपल्या भाजून केलेला चुना वापरी. पुढे मंगळुरी कौले आली. मंगळूरला बाझेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि ती कौले गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्याने कोकणात पोचली. नळ्यांपेक्षा ती हलकी, म्हणून लाकूड कमी लागे. घराची मांडणी मात्र फारशी बदलली नाही. पुढे अंगण, मग ओटी, आत माजघर, मागे पडवी, आणि छपराच्या खाली उतरलेल्या वळचणी.

या मांडणीत शहाणपण कोणते, ते शिक्षकबंधूंना पृथ्वीचा गोल हाती घेऊन वर्गात दाखविता येईल. जासई सुमारे १९ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला, ऐन उन्हाळ्यात, दुपारचा सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. म्हणजे भिंतींपेक्षा छप्पर अधिक तापणार. जुन्या माणसांनी छप्परच असे केले की ते उष्णता साठवीत नसे. पेंढ्यात हवा अडकलेली असे. कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाई. दुसरी गोष्ट पश्चिमेची. दुपारनंतरचे कडक ऊन पश्चिमेकडून येते आणि समुद्राचा वाराही तिकडूनच येतो. भिंत बंद केली तर वारा अडतो, उघडी ठेवली तर ऊन आत येते. पडवीने हा पेच सोडविला होता: वर छप्पर, बाजू मोकळी. या दमट हवेत अंगावरचा घाम वाळविणारा वारा हाच खरा गारवा.

मात्र त्या घराचे नुसते गोडवे गाऊन चालणार नाही. चुलीचा धूर बायकांच्या डोळ्यांत जाई, वाळवी लाकूड खाई, पेंढ्याला आगीचे भय. दर वर्षी पावसाआधी शाकारणी आणि बारा महिने सारवण. त्यातले सारवण कोणाच्या वाट्याला येई, हे सांगायला नकोच! पक्के घर हवे असे घरच्या बाईला वाटले, यात तिचे काय चुकले?

आता हे घर मोडले कसे? पहिला घाव लाकडावर पडला. १८७८ च्या जंगल कायद्याने डोंगरातली राने राखीव होत गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या आणलेला वासा, कारवी, सरपण यांना सरकारी परवानगी लागू लागली. जासईपासून फार दूर नसलेल्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला, गोळीबार झाला, माणसे मेली. तो स्वातंत्र्याचा लढा होता हे खरेच. पण ज्याच्या घराचे आढे त्याच रानातून येत होते त्याला तो लढा वेगळा समजावून सांगावा लागला नसेल.

दुसरा घाव जमिनीवर. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील ९५ गावांची जमीन नव्या मुंबईसाठी नेमली गेली. पुढे आंदोलनाच्या रेट्यामुळे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. हिशेब सोपा आहे. एकराचे ४० गुंठे, त्यांचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातून सार्वजनिक सोयींसाठी पावणेचार टक्के वजा जातात, म्हणजे हाती साडेतीन गुंठे. तो भूखंड पैशाने मोलाचा असेल, परंतु त्यावर पेंढा उगवत नाही, गुरे बांधता येत नाहीत, म्हणून शेणही नाही. घराचे सारे सामान विकत आणायचे झाले, आणि बाजारात मिळत होते सिमेंट आणि सळई.

इकडे गावठाण तेवढेच राहिले आणि कुटुंबे वाढली. भावाभावांनी अंगणात भिंती घातल्या, मजल्यावर मजले चढविले. या बांधकामांना कागदोपत्री ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ असे नाव पडले. ती नियमित करण्याचे निर्णय सरकारने वेळोवेळी काढले. ज्याला आपले घर उद्या राहील की नाही याची खात्री नाही, तो तीस वर्षांचा विचार करून खिडकी कुठे ठेवील? अशी घरे तापतात याचे अर्धे कारण काँक्रीटमध्ये आहे, आणि अर्धे या अनिश्चिततेत आहे, असे माझे मत आहे.

याच नव्या मुंबईत बेलापूरला एक निराळा प्रयोग झाला होता. १९८० च्या दशकात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी सुमारे साडेपाचशे कुटुंबांसाठी बैठी, उतरत्या छपरांची वसाहत आखली. साधारण सात घरांमध्ये एक सामाईक अंगण आणि प्रत्येक घराला स्वतःचीही मोकळी जागा. भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटू दिली नाही, म्हणजे कुटुंब वाढले की घरही वाढविता यावे. साध्या गवंड्यासुताराला जमेल असेच काम ठेवले होते. पुढे जमिनीचे भाव वाढले आणि त्यातली पुष्कळ घरे पाडून लोकांनी तिथे मजले उभारले. तरीही कमी जागेत अंगण बसविता येते, एवढे त्या वसाहतीने दाखवून दिले.

आज जासईत घर बांधणाऱ्याने कुडाकडे परत जावे असे मी म्हणणार नाही. कूड विणणारा हातही आता सहज मिळायचा नाही. पण छपराचा धडा घेता येतो. उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तेच ऊन घरात सोडतो. त्यावर पांढरा चुना किंवा फुटक्या पांढऱ्या फरशांचे तुकडे बसविले तर बरेच ऊन परत फिरते. गळतीला कंटाळून आपल्याकडे लोक गच्चीवर पत्र्याची शेड घालतात. तीही कामाची, कारण तिची सावली स्लॅबवर पडते. फक्त बाजू मोकळ्या ठेवाव्यात. आणखी एक जपायचे. खाडीची खारट वाळू काँक्रीटमध्ये गेली, किंवा सळईवरचे आवरण पातळ राहिले, की लोखंड गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. वीस वर्षांत पडायला आलेले घर कितीही कमी वीज खात असले तरी निसर्गाला महागच पडले, कारण दुसऱ्यांदा तेवढेच सिमेंट भाजावे लागते. जगात माणसाच्या उद्योगांतून जो कर्बवायू हवेत जातो, त्याचा सुमारे सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे.

शेजारच्या भिंती चिकटलेल्या असतील तर वारा आडवा येणार नाही. मग तो उभा खेळवावा. जिन्याच्या माथ्यावर पाऊस न येईल अशी झडपांची खिडकी ठेवली की तापलेली हवा धुराड्यासारखी वर जाते.

पाण्याचा हिशेब तर लहान मुलांनाही करता येईल. हजार चौरस फुटांचे छप्पर म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. वर्षाचा पाऊस दोन हजार मिलिमीटर धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी दीड लाख लिटरच्या आसपास पाणी त्या एका छपरावर उतरते. आणि हल्ली त्याच छपरावर सौर पट्ट्याही बसतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठरले. एक किलोवॅट उघडिपीच्या दिवसांत रोज चारएक युनिटे वीज देतो. आषाढात अर्थातच कमी. सांगाडा मात्र न गंजणारा हवा आणि वाऱ्यापावसात टिकेल असा घट्ट आवळलेला हवा. जिथे खाली चार भावांच्या चार चुली आणि वर गच्ची एकच, तिथे मीटर कोणाच्या नावावर आणि वीज कोणाला किती, हे पट्ट्या बसविण्याआधी कागदावर लिहून घ्यावे.