सिंगापूर एअरलाइन्स उड्डाण एसक्यू ३२१

लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून सिंगापूरच्या चांगी विमानतळाकडे निघालेले प्रवासी विमान. २१ मे २०२४ रोजी दक्षिण म्यानमारवर सुमारे ३७,००० फूट उंचीवरून जात असताना ते हवेच्या तीव्र खळबळीत (टर्ब्युलन्स) सापडले. विमान बोइंग ७७७-३०० ईआर जातीचे होते आणि त्यात २११ प्रवासी व १८ कर्मचारी होते. प्रवाशांत तीन भारतीय होते. ७३ वर्षांचे एक ब्रिटिश प्रवासी मरण पावले. मृत्यू हृदयविकाराच्या झटक्याने झाला असावा, असे थायलंडच्या अधिकाऱ्यांनी सांगितले. अनेकांना गंभीर दुखापती झाल्या. विमान बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळाकडे वळवून सुखरूप उतरवण्यात आले.

सुरुवातीच्या बातम्यांत विमान तीन मिनिटांत ६,००० फूट ‘कोसळले’ असे सांगितले गेले आणि अनेकांच्या मनात अजूनही तेच चित्र आहे. ते खरे नाही. तो उतार वैमानिकांनी बँकॉकला जाण्यासाठी स्वतः घेतलेला होता. खळबळ शमून सतरा मिनिटे झाल्यावर त्यांनी विमान ३७,००० फुटांवरून ३१,००० फुटांवर नियंत्रितपणे आणले. माणसे जखमी झाली ती त्याआधी, जेमतेम ४.६ सेकंदांत. त्या वेळात विमान खाली गेले ते १७८ फूट, म्हणजे ५४ मीटरच.

सिंगापूरच्या वाहतूक सुरक्षा अन्वेषण विभागाने उड्डाण-नोंदींच्या आधारे मे २०२४ अखेर प्राथमिक निष्कर्ष जाहीर केले. जागतिक प्रमाणवेळेनुसार सकाळी ७:४९:२१ वाजता विमान हलके थरथरू लागले. त्याच सुमारास कोणीही काही न करता ते वर उचलले जाऊन ३७,३६२ फुटांपर्यंत पोहोचले. ठरल्या उंचीवर परतण्यासाठी स्वयंचलित चालकाने (ऑटोपायलट) नाक खाली केले. वेग आपोआप वाढू लागला, म्हणून वैमानिकांनी पंखांवरचे वेगरोधक उघडले. ७:४९:३२ वाजता सीटबेल्टचा दिवा लावल्याचे एका वैमानिकाने उच्चारल्याची नोंद आहे, आणि मुख्य तडाखा बसला ७:४९:४० वाजता. मधे फक्त आठ सेकंद होते. तेव्हा न्याहारी दिली जात होती. आठ सेकंदांत ढकलगाडी बाजूला लावता येत नाही, की स्वच्छतागृहातून जागेवर परतता येत नाही.

त्या तडाख्यात विमानाचे उभे त्वरण ०.६ सेकंदात अधिक १.३५ जी वरून उणे १.५ जी वर गेले. एक ‘जी’ म्हणजे जमिनीवर उभे असताना आपल्याला जाणवते तेवढे वजन. उणे १.५ चा अर्थ असा, की ६० किलोच्या माणसाला छत हीच जमीन होते आणि तो ९० किलोंच्या भाराने तिकडे खेचला जातो. पट्टा न बांधलेले प्रवासी आणि उभे असलेले कर्मचारी असेच वर फेकले गेले; काहींची डोकी सामानाच्या कप्प्यांवर आदळून त्या कप्प्यांची आवरणे फुटली. पुढच्या चार सेकंदांत त्वरण पुन्हा अधिक १.५ जी झाले आणि वर गेलेली माणसे खाली आपटली. पाठीच्या कण्याला आणि कवटीला झालेल्या जखमांचा उगम इथे आहे. वैमानिकांनी २१ सेकंद विमान हाताने सावरले आणि मग ऑटोपायलट पुन्हा सुरू केला.

विमान बहुधा वाढत्या संवहनी ढगांच्या प्रदेशावरून जात होते, असे याच निष्कर्षांत म्हटले आहे. तापलेली दमट हवा वेगाने वर चढते आणि पाहता पाहता ढगांचे मनोरे उभे राहतात. वळवाच्या दुपारी महाराष्ट्रात दिसणारे ढगही याच प्रक्रियेने वाढतात. दक्षिण म्यानमारमधील इरावतीच्या खोऱ्यात मे महिन्यात पावसाळा सुरू होत असतो. विमानाच्या रडारला ढगातले पाण्याचे थेंब दिसतात. नुसती हवा दिसत नाही, आणि ढगमाथ्यावरचे कोरडे हिमकण फार क्षीण प्रतिध्वनी देतात.

निरभ्र आकाशातली खळबळ हा प्रकार यापेक्षा वेगळा. ती वेगवान वायुझोतांच्या कडेला, वाऱ्याचा वेग थरागणिक झपाट्याने बदलल्यामुळे निर्माण होते. इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठातील संशोधकांच्या २०२३ मधील अभ्यासानुसार उत्तर अटलांटिकवरील एका प्रातिनिधिक बिंदूपाशी तीव्र स्वरूपाच्या अशा खळबळीचा वार्षिक काळ १९७९ ते २०२० दरम्यान ५५ टक्क्यांनी वाढला. एसक्यू ३२१ च्या बातम्यांत हा आकडा सर्रास जोडला गेला. पण त्या विमानाची गोष्ट बहुधा ढगांची होती, हा फरक पुसला जाऊ नये.

‘एअर पॉकेट’ हा बोलीतला शब्दही दिशाभूल करतो. आकाशात पोकळ खड्डे नसतात. असतात ते हवेचे वर-खाली वाहणारे प्रवाह.

मोठ्या प्रवासी विमानात खळबळीच्या घटनेत मृत्यू होणे फार विरळ. २८ डिसेंबर १९९७ रोजी तोक्योच्या नारिता विमानतळाहून होनोलुलूला जाणाऱ्या युनायटेड एअरलाइन्सच्या बोइंग ७४७ मध्ये (उड्डाण ८२६) प्रशांत महासागरावर एका प्रवासी महिलेचा मृत्यू झाला होता. १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला निघालेल्या स्पाइसजेटच्या विमानातही अनेक जण जखमी झाले. ते विमान मात्र उतरण्याच्या टप्प्यात होते.

एसक्यू ३२१ च्या १३१ प्रवाशांना आणि १२ कर्मचाऱ्यांना दुसऱ्या विमानाने २२ मेच्या पहाटे सिंगापूरला नेण्यात आले. उरलेले ७९ प्रवासी व सहा कर्मचारी तेव्हा बँकॉकमध्येच होते. जूनमध्ये कंपनीने किरकोळ जखमींना १०,००० अमेरिकी डॉलर देऊ केले आणि गंभीर जखमींना पुढील बोलणी होईपर्यंत २५,००० डॉलरची आगाऊ रक्कम. त्याआधी, घटनेनंतर काही दिवसांतच तिने नियमही बदलला. पूर्वी सीटबेल्टचा दिवा लागला की फक्त गरम पेये थांबत; नव्या नियमानुसार जेवणही थांबवायचे आणि कर्मचाऱ्यांनीही आपापल्या जागी बसून पट्टा बांधायचा, असे तेव्हा ठरले.