‘शॉक’ बदलला, भीती तीच राहिली

‘याला येरवड्याला पाठवा’ असं आपण चेष्टेत सहज म्हणतो. बंगळुरूत त्याच चेष्टेत ‘निम्हान्स’चं नाव घेतलं जातं. दोन्हींच्या मागे चित्र एकच असतं: हातपाय धरलेला रुग्ण आणि डोक्याला विजेचा शॉक. हे चित्र आलं कुठून आणि आज त्यातलं खरं किती, ते आजच्या भागात पाहू.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. हा उपचार मुळात विजेचा नाही, आकडीचा आहे. 1934 साली बुडापेस्टमध्ये मेडुना या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला कापराचं इंजेक्शन देऊन मुद्दाम आकडी आणली. फेफरं आणि हा आजार एकमेकांचे वैरी आहेत, असा त्यांचा तर्क. तर्क चुकला, पण काही रुग्ण सुधारले. पुढे कापराच्या जागी कार्डियाझोल हे औषध आलं. ते टोचल्यावर आकडी येईपर्यंतच्या क्षणांत रुग्णाला मरणाची भीती वाटायची.

ही लाट बंगळुरूलाही पोहोचली. म्हैसूर संस्थानाच्या इथल्या मनोरुग्णालयातले डॉ. एम. व्ही. गोविंदस्वामी यांनी औषधाने आकडी आणण्याच्या उपचाराबद्दल 1939 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. तोवर, 1938 साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी हेच काम विजेने करून दाखवलं होतं. वीज स्वस्त होती आणि शुद्ध तत्क्षणी हरपायची. त्यामुळे ही पद्धत जगभर पसरली. बंगळुरूचं रुग्णालय 1954 मध्ये अखिल भारतीय संस्थेत रूपांतरित झालं, गोविंदस्वामी तिचे पहिले संचालक झाले आणि 1974 मध्ये तिचंच ‘निम्हान्स’ झालं.

आता भीतीबद्दल बोलू. ती उगाच नव्हती. भूल न देता दिलेल्या ‘डायरेक्ट’ शॉकमध्ये शरीर इतकं आखडायचं, की पाठीचे मणकेही मोडायचे. स्नायू सैल करणारं औषध 1950 च्या दशकात आलं, तरी आपल्याकडे भूलतज्ज्ञ नाहीत म्हणून कितीतरी ठिकाणी डायरेक्ट शॉक चालूच राहिला. 2001 मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले मनोरुग्ण होरपळून मेले. त्यानंतर ‘सार्थक’ ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. तिच्या मागण्यांमध्ये डायरेक्ट शॉक बंद करण्याचीही मागणी होती. अखेर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता शॉक देण्यावर बंदी आणली. तातडीचा उपचार म्हणूनही तो देता येत नाही. अल्पवयीन मुलांसाठी पालकांची संमती आणि मंडळाची पूर्वपरवानगी दोन्ही लागतात.

मग हा उपचार अजून ठेवलाय कशाला? कारण तो काम करतो. 2000 साली निम्हान्सच्या डॉक्टरांनी तीव्र नैराश्याच्या 45 रुग्णांचे 15-15 चे तीन गट केले. चार आठवड्यांनी शॉकच्या गटातले 14 जण नैराश्यातून बाहेर आले होते, इमिप्रामिन गोळीच्या गटातले 11 आणि सुदर्शन क्रियेच्या गटातले 10. अभ्यास छोटा आहे, पण दिशा दाखवतो. ज्याने खाणंपिणं सोडलंय, जो आत्महत्येच्या टोकावर आहे किंवा जो दगडासारखा निश्चल झालाय, त्याच्यासाठी गोळीचा परिणाम दिसेपर्यंतचे काही आठवडे फार मोठे असतात.

आज रुग्ण भूल देऊन झोपलेला असतो, आकडी साधारण मिनिटभरात संपते आणि बहुधा 6 ते 12 वेळा उपचार होतो. किंमत आहेच: उपचाराच्या आसपासच्या आठवणी पुसट होतात आणि काहींच्या काही आठवणी परत येत नाहीत.

म्हणून घरात कुणाला हा उपचार सुचवला, तर घाबरून उठून जाऊ नका आणि न विचारता सहीही करू नका. भूल कोण देणार, किती वेळा द्यावा लागेल, विसरण्याचं काय, दुसरा मार्ग आहे का, हे विचारा. हे प्रश्न विचारायचा हक्क बऱ्याच रुग्णांच्या सोसण्यातून आलाय. भेटू पुढच्या भागात.